ठोकलेल्या गाडीचा जुना रंग काढताना: धुण्यापासून प्रायमरपर्यंत

पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो मार्केटात एका पिकअपने मागे येता येता माझ्या मारुती ८०० चा डावा फेंडर (चाकावरचा पत्रा) आणि दरवाजा दाबला. मागे क्रेट रचलेले, ड्रायव्हरला काही दिसत नव्हतं, आणि तोही बिचारा घाईत. भांडण पाच मिनिटांत मिटलं. गाडीचं दुखणं मात्र दोन वर्षं पुरलं. पहिल्यांदा ज्या गॅरेजला दिली, तिथे त्यांनी पोचा ठोकून काढला, वरच्यावर पॉलिश पेपर मारला, जुन्या रंगावरच पुट्टी (खळगा भरायचा लेप) थापली आणि लाल रंग मारून तिसऱ्या दिवशी गाडी हातात दिली. दिवाळीत चकचकीत दिसत होती. पुढच्या श्रावणात दरवाजाच्या खालच्या अंगाला रुपयाएवढे फोड आले. नखाने टोकरलं तर रंग आणि पुट्टी मिळून सगळा पापुद्रा सायीसारखा उचलून आला.

दुसऱ्यांदा ते काम मी स्वतः केलं. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या पार्किंगमध्ये, तीन शनिवार-रविवार, द्वारका भागातल्या एका जुन्या पेंटरचाचांना फोन करकरून. रंगाची फवारणी शेवटी त्यांच्याकडूनच करून घेतली, ती घरी करायची गोष्ट नाही. म्हणून हा लेख गाडी धुण्यापासून प्रायमरपर्यंतचाच, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापर्यंतचाच आहे. तोही लोखंडी पत्र्याचा: कार, जुनी चेतक, बुलेटची टाकी. प्लास्टिकच्या बंपरला यातलं निम्मं लागू नाही, आणि रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) तर अजिबात नाही.

१. आधी कागद, मग पेपर

विम्याचा क्लेम करायचा असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी बघेपर्यंत पॉलिश पेपर हातात धरू नका. एकदा रंग खरवडला की नुकसान अपघाताचं की तुमच्या हाताचं, हे त्याला कळणार कसं? लागणारी कागदपत्रं अशी:

- आरसी बुक
- पॉलिसी
- गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स
- भरलेला क्लेम फॉर्म
- गॅरेजचं एस्टिमेट
- चारही बाजूंचे फोटो; त्यातल्या एका तरी फोटोत नंबर प्लेट आणि मार लागलेला भाग एकत्र दिसायला हवा

सेकंडहँड गाडी असेल तर पॉलिसीवर नाव तुमचंच आहे ना, तेही आत्ताच बघा. पुष्कळांचं आधीच्या मालकाचं असतं आणि ते नेमकं क्लेमच्या दिवशी समजतं. छोट्या कामासाठी क्लेम करावा का, याचाही हिशेब मांडा. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात २० ते ५० टक्के सूट साठत जाते, एका क्लेमने ती जाते. मी केला नाही.

रंग तोच ठेवणार असाल तर आरटीओत जायची गरज नाही. लालची काळी करायची हौस असेल तर आरसीवर रंग नोंदलेला असतो हे ध्यानात ठेवा आणि आधी पेठ रोडला जाऊन परवानगीचं विचारून या.

२. दिवस बघून काम काढा

नाशकात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. उघडा पत्रा दमट हवेत काही तासांत तांबूस पडायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते खरी, पण पहाटे गाडीवर दव असतं आणि सकाळी नऊपर्यंत पत्रा हाताला बर्फासारखा लागतो. अशा थंडीत पुट्टी आणि प्रायमर दोन्ही नीट सुकत नाहीत. मला फेब्रुवारी मानवला: सकाळी दहाला सुरू, चारला प्रायमर.

जागा मोकळी हवी. तळघरातलं पार्किंग नको. कारण रिमूव्हरच्या मुद्द्यात येईलच. आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. माझ्या पहिल्या शनिवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरी गुलाबी झाल्या. त्यानंतर मी जमीन ओली करून मगच घासायला बसायचो.

३. सामान

- पॉलिश पेपर: ८०, १२०, १८०, २४०, ३२० नंबर (८० चे जास्त घ्या, ते लवकर बोथट होतात)
- पेपर गुंडाळायला कडक रबरी ठोकळा
- प्लास्टिकची खरवडणी, जुनं एटीएम कार्डही चालतं
- ग्राइंडरला लावायची काळी जाळीदार नायलॉन डिस्क
- साधं लोहचुंबक
- पॅनेल पुसायचं डीग्रीझर आणि धुतलेले सुती फडके, भरपूर
- मास्किंग टेप, जुने वर्तमानपत्र
- दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, त्याच्याच हार्डनर आणि थिनरसह
- धुळीसाठी एन-९५ मास्क, वाफेसाठी कार्बनच्या डब्या असलेला मास्क, चष्मा, हातमोजे

मास्क दोन लिहिलेत ते चुकून नाही. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ त्यातून आरपार जाते. आणि धुळीचं म्हणाल तर, घरगुती व सजावटीच्या रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दर दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचे नियम आपल्याकडे २०१६ साली आले, पण गाड्यांचा रंग त्यांत येत नाही. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगात शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर कामाचे कपडे बाहेरच काढा आणि वेगळे धुवा.

४. घासण्याआधी धुवा

हे सगळे उलट करतात: आधी घासतात, मग पुसतात. वर्षानुवर्षांचं पॉलिश, सिलिकॉन, चेनचं ग्रीस पत्र्यावर बसलेलं असतं. त्यावर पेपर फिरवला की ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि नवीन रंगाला तिथे माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. शाम्पूने धुवा, वाळू द्या, मग डीग्रीझरने पुसा. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात कोरडं. ओल्याने सुटलेली चिकटी कोरड्याने लगेच उचलायची. वाऱ्यावर वाळू दिली तर ती तिथेच परत बसते.

५. खाली काय दडलंय ते बघा

माझा अर्धा दिवस इथे गेला, आणि तो कारणी लागला.

कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या दोन केसांइतका जाड. त्याहून फार जाड असेल तर तिथे आधी कुणीतरी हात मारलाय. ते शोधायला महागडं मीटर नको. चुंबकाला कागद गुंडाळा आणि पत्र्यावरून सरकवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली पुट्टी आहे. बोटाच्या पेराने ठोकूनही कळतं: पत्रा खणखणतो, पुट्टी बद्द वाजते.

मग थिनरची परीक्षा. फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन दरवाजाच्या आतल्या कडेला दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. भट्टीत भाजलेल्या कंपनीच्या रंगाला काही होत नाही. फडक्याला रंग लागला, पृष्ठभाग चिकट झाला, तर तो जुना हवेवर सुकवलेला रंग आहे. तो सगळा काढावा लागतो. ठेवलात तर नव्या रंगातलं थिनर त्याला खालून उचलतं आणि उकळलेल्या दुधावर येतात तशा सुरकुत्या पडतात.

शेवटी खिडकी उघडायची. खराब भागाच्या मधोमध ८० च्या पेपरने तळहाताएवढी जागा पत्र्यापर्यंत घासा आणि कड १८० ने निवळा. थर कांद्याच्या चकतीसारखे कड्या-कड्यांनी दिसायला लागतात. फेंडरवर मला दिसलं ते सरळ होतं: चंदेरी पत्रा, त्याभोवती करडं कंपनीचं अस्तर, मग लाल. दरवाजावर मात्र पत्रा, करडं, पांढरं, पिवळसर पुट्टी, पुन्हा करडं, लाल. लालच्या खाली पांढरं! म्हणजे हा दरवाजा माझ्या गाडीचा नव्हताच. कुठल्या तरी पांढऱ्या ८०० चा काढून बसवलेला. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने "एका हाताची, ओरिजिनल पेंट" असं सांगितलं होतं. चाचांना फोटो पाठवला तर ते नुसते हसले.

घासताना धुळीचा रंगही बघा. सुरुवातीला धूळ पांढरी पडली तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आहे; पहिल्या फटक्यालाच गाडीच्या रंगाची पडली तर नाही. आपल्या पेंटरला हे सांगा, त्याला साहित्य ठरवायला लागतं.

६. किती काढायचं ते ठरवा

नवशिक्याची खोड अशी की एकदा पेपर हातात आला की अख्खा दरवाजा चांदीसारखा करायचा. करू नका. पत्र्याला घट्ट धरून बसलेलं कंपनीचं अस्तर हे तुम्ही घरी माराल त्या कुठल्याही प्रायमरपेक्षा सरस असतं, कारण ती अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेलं असतं. ते सुदृढ असेल तिथे राहू द्या.

माझा नियम साधा होता. फुटलेला, सुटलेला, फोड आलेला रंग, थिनरला विरघळणारा रंग आणि जुनी पुट्टी सगळी काढायची. त्यानंतर कडेला मास्किंग टेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढायची. टेपेबरोबर रंग आला तर आणखी दोन बोटं मागे सरकायचं, पुन्हा टेप. टेप कोरी आली की थांबायचं. फेंडरवर मी वीतभरात थांबलो. दरवाजाचा खालचा अर्धा भाग पूर्ण उघडा करावा लागला.

७. रंग काढायच्या रीती

*हाताने, पेपर आणि ठोकळा.* एका पॅनेलसाठी हेच बरं. बोटांनी पेपर दाबून घासू नका, बोटांच्या रेघा उमटतात आणि चकाकी आल्यावर त्या उन्हात दिसतात.

*ग्राइंडर.* चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, आणि गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर. लोखंड घासायची दगडी चकती किंवा फ्लॅप डिस्क लावलीत तर पत्रा पातळ होतो, तापून निळा पडतो आणि पोटासारखा फुगतो. तो परत बसवायला डेंटरही वैतागतो. जाळीदार नायलॉन डिस्कच घ्या. तिच्यावर छापलेला वेग तुमच्या मशिनपेक्षा कमी तर नाही ना ते बघा, आणि एका जागी दोन सेकंदांहून जास्त थांबू नका. दरवाजाची जी उठावाची रेघ असते तिच्यावर टेप लावून ठेवा. तिथे रंग पातळ असतो आणि डिस्क ती धार कायमची खाते.

*रिमूव्हर.* ब्रशने एकाच दिशेने जाड थर द्यायचा, घोळवायचा नाही. वर प्लास्टिकचा कागद झाकायचा आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. रंग भाजलेल्या पापडासारखा उठतो, खरवडणीने उचलायचा. बघायला मजा येते म्हणून लोक यालाच भुलतात. पण पुष्कळ जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बसते, म्हणून तळघर नको. शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २०१९ साली घरगुती रिमूव्हरमध्ये ते विकायला बंदी घातली, ती माणसं दगावल्यावरच. डॉक्टरी पातळ हातमोजे त्यात काही मिनिटंही टिकत नाहीत. डब्यावर हे नाव असेल तर मी म्हणेन, घेऊ नका.

दुसरा फटका सांध्यांचा. फेंडर आणि दरवाजाच्या दुमडलेल्या कडांत रिमूव्हर शिरला की पाण्याने निघत नाही, आणि महिन्याभराने तिथूनच नवा रंग सुटायला लागतो. फेंडरच्या वरच्या कडेला माझं हेच झालं, तेवढी पट्टी चाचांनी पुन्हा केली. कडेपासून दोन बोटं आधीच थांबा, उरलेलं पेपरने.

*हीट गन, कॉस्टिक सोडा, सँडब्लास्टिंग.* घरी तिन्ही नकोत. उष्णतेने सपाट पत्रा वाकतो, कॉस्टिक कातडी आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं. ब्लास्टिंग चाकांना आणि चासीला ठीक, दरवाजासारख्या सपाट पत्र्याला नाही. शिवाय वाळूची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. आणि बुलेटची टाकी असेल तर पेट्रोल नुसतं काढून भागत नाही, आतली वाफ उरते. ठिणगी पडेल असं मशीन तिच्याजवळ नेऊ नका, हातानेच घासा.

८. कड उतरवणे

रंग काढला म्हणजे काम झालं असं वाटतं. उघडा पत्रा आणि उरलेला रंग यांच्यामध्ये मात्र पायरी राहिलेली असते. डोळ्याला ती दिसत नाही. वर चार हात रंग मारा, उन्हात गाडी उभी केली की नकाशासारखी बाह्यरेषा वर येते.

म्हणून ८० ने काढलं की कडेपासून बाहेर १२०, मग १८०, २४०, ३२०. एकदम ८० वरून ३२० वर उडी मारू नका. ८० च्या खोल रेघा तशाच राहतात, प्रायमर त्यात बसतो, महिन्याभराने आकसतो आणि रेघा परत दिसतात. प्रत्येक नंबरला दिशा बदला, आधी तिरपं असेल तर आता उलट तिरपं. आधीच्या रेघा पुसल्या की नाही ते तेव्हाच कळतं. प्रत्येक थराची कडी बोटभर रुंद दिसायला लागली की उतार पुरेसा झाला.

तपासायला डोळे मिटा. तळहाताखाली पातळ सुती कापड धरून रंगावरून पत्र्याकडे आणि परत हात फिरवा. उघड्या हाताला न लागलेली पायरी कापडातून लागते. मला दरवाजावर चौथ्या वेळी ती लागायची थांबली.

९. गंज

फोड बाहेरून आला की आतून, ते आधी ठरवा. दरवाजाच्या तळाशी पाणी निघायला भोकं असतात. ती माती-पाल्याने बुजली की काचेवरून उतरलेलं पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून कितीही घासा, वर्षभरात फोड परत. माझ्या दरवाजाची तिन्ही भोकं बुजलेली होती. सायकलच्या आरीने मोकळी केली तर वाटीभर काळं पाणी आलं.

आमच्याकडे आणखी एक भानगड होती, ती द्राक्षवाल्यांनाच कळेल. दिंडोरीच्या बागेत फवारणीसाठी मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पोती याच गाडीतून जायची. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत हे बागेत पोरासोरांनाही ठाऊक असतं. ओलं मोरचूद लोखंड खातं आणि त्यावर तांबं बसवतं. तरी आम्ही पोती डिकीत टाकत होतो! तिथला पत्रा चाळणी झालेला. अशी गाडी असेल तर आधी भरपूर पाण्याने धुवा, तांब्याचा तांबूस मुलामा पेपरने पूर्ण काढा.

वरवरचा गंज घासून चकचकीत पत्रा येतो. खळग्यांत काळे ठिपके उरतात, त्यांना फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक लावा आणि डब्यावर सांगितलंय तसं धुऊन कोरडं करा. ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही. टोचणीने दाबल्यावर भोक पडलं तर पुट्टीने बुजवू नका. तुकडा कापून वेल्डिंग.

१०. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका

ज्या दिवशी पत्रा उघडा कराल त्याच दिवशी प्रायमर. घासल्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवूही नका. माझ्या पुतण्याने कौतुकाने हात फिरवला, तासाभराने चार बोटांचे तांबूस ठसे.

डीग्रीझरने पुसा, धूळ झटका, इपॉक्सी मिसळा. प्रमाण डब्यावर असतं तेच. "हार्डनर थोडा जास्त, लवकर सुकेल" हे ऐकू नका. हातभर जागेला ब्रशने किंवा छोट्या रोलरने दोन पातळ हात पुरतात, घासून सपाट करता येतं. उघड्या पत्र्याच्या पलीकडे, ३२० ने मळवलेल्या जुन्या रंगावर दोन बोटं जाऊ द्या.

इथला सगळ्यात मोठा सापळा हार्डवेअरच्या दुकानात असतो. "प्रायमर द्या" म्हटलं की काउंटरवर रेड ऑक्साइडचा डबा येतो. तो गेट-ग्रिलचा. त्यावर गाडीचा रंग मारला की थिनर त्याला उचलतं आणि सगळं सुरकुततं. गाडीच्या रंगाच्या दुकानातूनच दोन भागांचा घ्या.

पुट्टी लागणारच असेल तर पोचा आधी डेंटरकडून शक्य तितका काढून घ्या. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर पुढे तडकतो. चाचा ती प्रायमरवर भरतात, काही पेंटर घासलेल्या पत्र्यावर. पण पुट्टी पाण्याने घासू नका, एवढं दोघांचंही मत. ती पाणी पिते, आणि वरून रंग मारला की ते पाणी फोड होऊन बाहेर येतं. पहिल्या गॅरेजात माझ्यासमोर मुलगा बादलीत पेपर बुडवून पुट्टी घासत होता आणि मी चहा पीत बघत होतो.

११. पेंटरकडे नेताना

प्रायमरचा रिकामा डबा फेकू नका, डिकीत टाका. पेंटर पहिलं हेच विचारतो, वर काय मारलंय? नुसतं "प्रायमर" म्हणालात तर तो शहाणा असेल तर सगळं खरवडून पुन्हा करेल आणि त्याचे पैसे लावेल. खिडकीचे फोटो दाखवा, कुठे थिनरला रंग सुटला ते खडूने खुणावून द्या, कोणत्या दिवशी किती वाजता प्रायमर मारला तेही सांगा. प्रायमरला ठरावीक मुदत असते. ती उलटली की वर काही मारण्याआधी हलकं घासावं लागतं.

रिमूव्हरचा चिखल आणि थिनरचे बोळे गटारीत टाकू नका, आपली गटार शेवटी गोदावरीलाच जाते. बोळे मोकळ्या जागी पसरून वाळवा; ओले कोंबून ठेवले तर एका ठिणगीनेही पेट घेऊ शकतात. बाकी सगळं जुन्या डब्यात झाकण लावून मी चाचांकडेच दिलं, त्यांच्या कचऱ्याबरोबर ते जातं. आणि त्या पांढऱ्या दरवाजाचा एक इंचभर तुकडा आतल्या कडेला, बिजागरीजवळ, मी मुद्दाम न रंगवता ठेवलाय.